ओढ्याची वहिवाट

डोंगरी मुलखातील जमिनीचे सौदे बहुधा होळीनंतर आणि मृगापूर्वी, म्हणजे रस्ते कोरडे असतात आणि मोजणीची साखळी कोठेही टाकता येते अशा दिवसांत होतात. आणि त्यामुळे ज्या ओढ्याच्या काठी घर उभारावयाचे, तो ओढा घेणाराने पाहिलेला असतो तो गोट्यांचा एक निरुपद्रवी पट्टा म्हणून. विकणारास खोटे बोलावे लागत नाही. ओढाच त्याच्या बाजूने साक्ष देत असतो. काठाची सावली, धबधब्याकडे जाणारी वाट, समोरचा डोंगर यांचे मोल ठरते, दस्त नोंदला जातो, पाया खणला जातो. परंतु हे पाणी किती वर चढते, किती वेगाने वाहते आणि पाऊस सुरू झाल्यावर किती अवधीत दाराशी येते, हे तीन प्रश्न, ज्यांच्या उत्तरांवर त्या जागेचे खरे मूल्य अवलंबून आहे, ते विचारण्याची आठवण वैशाखात कोणासही होत नाही.

हा विषय पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांच्या संदर्भात मांडण्यास विशेष कारण आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा हा पूर्वेकडील भाग म्हणजे सह्याद्रीच्या उतरणीवरील एक छिन्नविच्छिन्न पठार होय. मुकणे घराण्याचे संस्थान जेथे पाचशेहून अधिक वर्षे नांदले ते जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर वसले आहे, आणि भोवतालच्या प्रदेशात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तोही प्रायः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. हे पाणी काही उत्तरेकडे लेंडी आणि वाघ या नद्यांच्या मार्गाने दमणगंगेच्या खोऱ्यात, तर काही दक्षिणेकडे पिंजाळ आदी नद्यांच्या मार्गाने वैतरणेच्या खोऱ्यात उतरते. दाभोसा येथे लेंडी नदी सुमारे ३०० फुटांच्या कड्यावरून खाली झेपावते, आणि तो देखावा पाहण्यासाठी मुंबई, ठाणे, नाशिक येथून येणाऱ्यांची संख्या वाढती असल्यामुळे, जेथे पूर्वी नागली-वरईची वरकस जमीन आणि भाताची खाचरे एवढाच पाण्याशेजारचा व्यवहार होता, तेथे पाण्याशेजारीच राहावे, किमान पाण्याकडे तोंड करून बसावे, ही नवी आकांक्षा येऊन पोहोचली आहे.

या पठाराचा स्वभाव समजण्यासाठी त्याच्या दगडाचा स्वभाव समजून घेणे अवश्य आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांवर थर साचून दख्खनचा जो काळा पाषाण तयार झाला, तो पाणी मुरवून घेण्याच्या बाबतीत कृपण आहे. भेगा आणि सच्छिद्र पट्टे सोडले तर त्याच्या पोटात पाण्यास फारशी जागा नाही, आणि त्यावरील मातीचा थर उतारावर तर वीतभरही नसतो. पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात ही पातळ माती तृप्त झाली की नंतर पडणारा बहुतेक प्रत्येक थेंब पृष्ठभागावरूनच निघून जातो. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यासाठी इंग्लिस आणि डिसूझा या अभियंत्यांनी १९३० च्या सुमारास घाटप्रदेशाकरिता जो हिशेब बसविला, त्याप्रमाणे वार्षिक पाऊस सेंटिमीटरांत घेऊन त्यास ०.८५ ने गुणावे आणि गुणाकारातून ३०.५ वजा करावेत, म्हणजे वाहून जाणारे पाणी मिळते. ३०० सेंटिमीटर पावसास हा हिशेब लावला असता सुमारे २२४ सेंटिमीटर, म्हणजे शेकडा पाऊणशे भाग पाणी, ओढ्यानाल्यांवाटे निघून जाते असे दिसते. चैत्र-वैशाखात याच तालुक्यांतील पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, याचे जे कारण, तेच श्रावणात ओढे फुगण्याचेही कारण आहे. ज्या गावी उन्हाळ्यात विहिरी लवकर आटतात, त्या गावचा ओढा पावसाळ्यात अधिक उग्र असण्याचा संभव आहे, हे अनुमान घर बांधणाराने प्रथमच मनाशी पक्के करावे. कारण टंचाईची हकिगत गावात सर्व जण मोकळेपणाने सांगतात, पुराची मात्र विचारल्यावाचून सांगत नाहीत.

मोठ्या नदीचा पूर आणि डोंगरी ओढ्याचा पूर ही नावाने एक असली तरी प्रकृतीने भिन्न आहेत. कृष्णा किंवा गोदावरी चढते ती प्रहराप्रहराने. वरच्या धरणातील विसर्गाची वार्ता खालच्या गावी आधी पोहोचते, दवंडी पिटता येते, गुरे सोडता येतात. ओढ्याच्या बाबतीत ही सवड नाही. पाणलोटाच्या अगदी दूरच्या टोकावर पडलेले पाणी विवक्षित जागी पोहोचण्यास जो वेळ लागतो, त्या वेळेइतका पाऊस एकसारखा कोसळला की संपूर्ण पाणलोटाचे पाणी एकाच क्षणी तेथे हजर होते, आणि तीच त्या जागेची परमावधी असते. अडीच किलोमीटर लांबीचा आणि तेवढ्या अंतरात सव्वाशे मीटर उतरणारा एखादा ओढा घेतला, तर अभियंत्यांच्या प्रचलित सूत्राने हा काळ अवघा २५ मिनिटांचा निघतो. अर्थात ज्या पावसाचे भय धरावयाचे तो दिवसभराचा नव्हे, अर्ध्या तासाचा. हवामान खाते चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला की त्यास अत्यंत मुसळधार म्हणते. परंतु हेच २०० मिलिमीटर चोवीस तासांत समप्रमाणात पडले तर ओढा केवळ भरून वाहील, आणि त्यांतील निम्मे एका तासात पडले तर तोच ओढा घरे घेऊन जाईल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली हे सर्वांच्या लक्षात आहे. त्यांतील एकाच तासात १९० मिलिमीटर पडले होते, ही गोष्ट ओढ्याकाठच्या माणसाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे.

आता प्रत्यक्ष हिशेब करून पाहू. तो कठीण नाही, आणि चौथीपाचवीचा गुणाकार येणाऱ्या कोणासही जमेल. समजा, आपल्या जागेच्या वरच्या बाजूस ओढ्याचे पाणलोट क्षेत्र दोन चौरस किलोमीटर आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर डोंगराच्या कण्याकण्याने रेघ फिरवून हे क्षेत्र मोजता येते. त्यावर ताशी १०० मिलिमीटर वेगाने पाऊस पडू लागला आणि त्यांतील शेकडा ७० भाग वाहून आला, तर ओढ्यातून दर सेकंदास सुमारे ३९ घनमीटर, म्हणजे जवळजवळ १,४०० क्युसेक पाणी जाईल. हा झाला एका जोरदार सरीचा आकडा. परंतु याहून कठोर असे दुसरे माप उपलब्ध आहे. खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राची धुरा ज्यांनी दीर्घकाळ वाहिली, त्या सर क्लॉड इंग्लिस यांनी जुन्या मुंबई इलाख्यातील घाटाच्या नद्यांचे प्रत्यक्ष आलेले महापूर एकत्र मांडून, अमुक क्षेत्राच्या पाणलोटातून जास्तीत जास्त किती पाणी येऊ शकते याचे सूत्र तयार केले: क्षेत्रास १२४ ने गुणावे, आणि क्षेत्रात १०.४ मिळवून त्या बेरजेच्या वर्गमुळाने त्या गुणाकारास भागावे. दोन चौरस किलोमीटरांस हे सूत्र सुमारे ७० घनमीटर, म्हणजे अडीच हजार क्युसेक, असे उत्तर देते. एवढ्याशा ओढ्यास एवढे पाणी कोठून येणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण लहान पाणलोट पूर्णपणे एकाच ढगाखाली सापडू शकतो, मोठा सहसा सापडत नाही, आणि म्हणून दर चौरस किलोमीटरमागे लहान ओढा हा मोठ्या नदीपेक्षा अधिक भयंकर असतो.

इतके पाणी पात्रात मावेल काय, हा पुढचा प्रश्न. पात्र आठ मीटर रुंद, काठ दीड मीटर उंच, तळ गोट्यांचा आणि उतार पन्नासास एक, असा सर्वसाधारण डोंगरी ओढा धरला, तर काठोकाठ भरल्यावर त्यातून पाणी सेकंदास तीन मीटर वेगाने धावेल आणि सुमारे ३६ घनमीटर वाहून नेईल. म्हणजे पहिला आकडाही पुरता सामावणार नाही, थोडे पाणी काठावरून जाईलच. इंग्लिसच्या सूत्राचा महापूर याच रुंदीतून जावयाचा तर पाण्याची खोली २.४ मीटर व्हावी लागेल. काठ दीडच मीटर आहेत. उरलेले पाणी कोणाच्या अंगणात जाईल हे सांगावयास अभियंता नको. शिवाय खोलीबरोबर वेगही वाढतो आणि पाण्याचा धक्का वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तीन मीटर वेगाचे पाणी आडव्या भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर साडेचारशे किलोग्रॅमच्या आसपास भार टाकते, तर पावणेचार मीटर वेगाचे पाणी सातशेच्या आसपास. त्यातून वाहत येणाऱ्या ओंडक्यांचा आणि धोंड्यांचा आघात यात धरलेलाच नाही.

या हिशेबात एक पक्ष नेहमी विसरला जातो, आणि तो म्हणजे रस्त्याची मोरी. आडवाटेच्या रस्त्यावर ओढा ओलांडण्यासाठी मीटरभर व्यासाचे दोनतीन सिमेंटचे पाईप टाकून त्यावर भराव घालण्याचा प्रघात आहे. असा एक पाईप तुडुंब भरून वाहिला तरी दोन-अडीच घनमीटरच पाणी नेतो; तीन पाईप मिळून सात घनमीटर. ओढ्याचे ३९ घनमीटर आले की उरलेले ३२ रस्त्याच्या भरावामागे तुंबते, आणि एखादे उन्मळलेले झाड मोरीच्या तोंडाशी आडवे बसले तर तेही सात जात नाहीत. त्यामुळे मोरीच्या वरच्या अंगास असलेली जागा बुडते, आणि भराव फुटला तर खालच्या अंगास असलेली जागा त्याहून अधिक वेगाने वाहून जाते. म्हणून केवळ ओढ्याचे पात्र पाहून भागत नाही. आपल्या जागेखालील पहिली आणि वरील पहिली अशा दोन्ही मोऱ्या पाहिल्याखेरीज जागा पाहिली असे म्हणता येणार नाही. वरच्या अंगास एखादा पाझर तलाव किंवा मातीचा बंधारा असेल तर त्याचीही विचारपूस अगत्याची आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून खालची भेंदवाडी वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. धरण लहान असले म्हणजे त्याखालील धोकाही लहान असतो, या समजुतीस त्या रात्रीने उत्तर दिले आहे.

पुराची वारंवारता सांगण्याची जी शास्त्रीय भाषा आहे, तिने मात्र लोकांचा फार गैरसमज करून ठेवला आहे. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हटले की ऐकणारास वाटते, गेल्या पिढीत येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात पाहू. वस्तुतः त्याचा अर्थ एवढाच की कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक असते, आणि यंदा आला म्हणून पुढल्या वर्षीची शक्यता तिळमात्र कमी होत नाही. तीस वर्षे ज्या घरात राहावयाचे त्या घरास असा पूर निदान एकदा गाठण्याची शक्यता शेकडा २६ पडते. साठ वर्षांत ती शेकडा ४५ होते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची गोष्ट घेतली तर तीस वर्षांत तो येण्याची शक्यता शेकडा ७० आहे, म्हणजे तो येणारच असे धरून चालणे शहाणपणाचे. त्यात भर ही की हे सारे आकडे भूतकाळातील पावसावर बेतलेले आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे आढळले. आजोबांच्या काळातील शंभर वर्षांचा पूर आपल्या काळात शंभर वर्षे थांबेलच, याची हमी कोणी देऊ नये.

महाराष्ट्र सरकारने याच दोन वारंवारता नियमांचा पाया म्हणून घेतल्या आहेत. पाटबंधारे खात्याच्या १९८९ च्या परिपत्रकापासून नद्यांच्या काठी दोन रेषा आखण्याची पद्धत आहे: सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची तांबडी रेषा. नदी आणि निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध क्षेत्र. तेथे बाग, मोकळे मैदान, वाहनतळ अशा वापरापलीकडे राहते बांधकाम करता येत नाही. निळी आणि तांबडी यांमधील पट्टा नियंत्रित क्षेत्र. तेथे तांबड्या रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर उंच जोते घेऊन बांधकामास परवानगी मिळू शकते. राज्याच्या बहुतेक भागास लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत याशिवाय लहान प्रवाहाच्या पाण्याच्या खुणेपासून ९ मीटर आणि नदीसारख्या मोठ्या प्रवाहापासून १५ मीटर अंतर सोडण्याचा दंडक आहे. तथापि या रेषा प्रायः मोठ्या नद्यांच्या आणि शहरांच्या काठी आखल्या गेल्या आहेत. डोंगरातील शेकडो ओढ्यांच्या काठी त्या कागदावरही नाहीत आणि जमिनीवरही नाहीत. रेषा आखलेली नाही याचा अर्थ पूर येत नाही असा होत नाही. ती आखण्याचे काम आता घर बांधणाराच्या अंगावर येऊन पडले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

या कामी पहिले साधन सरकारी दफ्तरच आहे, आणि ते फुकटात म्हणावे इतक्या स्वल्प शुल्कात मिळते. सातबाराच्या उताऱ्यावर क्षेत्राखाली पोटखराब्याची नोंद असते. त्यांतील वर्ग ‘अ’ म्हणजे खडकाळ वगैरे लागवडीस अयोग्य जमीन, आणि वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ते, नाले अशा सार्वजनिक कारणासाठी राखलेली जमीन. उताऱ्यावर वर्ग ‘ब’ चा आकडा असेल आणि विकणारा ओढा दाखवीत नसेल, तर ओढा कोठे गेला असा प्रश्न अवश्य विचारावा. गावनकाशावर आणि फाळणीनकाशावर नाल्याची दुहेरी रेघ असते. ती आजच्या पात्राशी जुळते की नाही हे पाहावे, कारण पात्र वळवून शेताचा बांध सरळ केला असल्यास पाणी ते मान्य करीलच असे नाही. कायद्याच्या दृष्टीने नदीनाल्यांचे पात्र सरकारचे असते. परंतु पाण्याच्या दृष्टीने पात्राहून विस्तृत असा एक पट्टा ओढ्याच्या वहिवाटीचा आहे. ज्याप्रमाणे शेतातून पिढ्यान्‌पिढ्या जाणारी बैलगाडीची वाट मालकाने काटेरी झुडपे लावून बंद केली तरी तहसीलदारापुढे ती खुली करून द्यावी लागते, त्याप्रमाणे वीस वर्षे न वापरलेली ही वाटही ओढ्याच्या हक्कातून जात नाही. फरक इतकाच की येथे अर्ज, नोटीस आणि सुनावणी होत नाही.

पुण्याच्या आंबिल ओढ्याची हकिगत या दृष्टीने बोधप्रद आहे. कात्रजच्या डोंगरातून निघून मुठेस मिळणाऱ्या या ओढ्याचा प्रवाह पेशवाईतच एकदा वळविण्यात आला होता, आणि पुढे शहर वाढत गेले तसतशी त्याच्या दोन्ही काठांवर वसाहत दाटली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूस झालेल्या पावसामुळे या ओढ्याने अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी आदी वस्त्यांत शिरून भिंती पाडल्या, वाहने एकमेकांवर रचली आणि त्या रात्रीच्या पावसाने पुणे परिसरात वीसहून अधिक बळी घेतले. हिमालयात हाच प्रकार अधिक भीषण रूपात घडतो. ५ ऑगस्ट २०२५ रोजी उत्तराखंडातील उत्तरकाशी जिल्ह्यात धराली येथे खीरगाड नावाचा ओढा दगडचिखलाचा लोंढा घेऊन आला आणि त्याच्याच मुखाशी उभी राहिलेली हॉटेले व घरे काही क्षणांत गाडली गेली. तेथील वस्ती ज्या सपाटीवर होती ती सपाटी त्याच ओढ्याने पूर्वीच्या लोंढ्यांतून आणून टाकलेल्या दगडमातीची होती. डोंगराच्या पायथ्याशी जेथे ओढा घळईतून मोकळ्यावर येतो, तेथे वेग मंदावून तो आपले ओझे पंख्याच्या आकारात पसरून टाकतो, आणि आज एका बाजूने वाहत असला तरी उद्या दुसऱ्या बाजूने वाहण्यास तो मोकळा असतो. डोंगरी मुलखात सपाट, बांधण्यास सोयीची अशी जागा विनासायास मिळाली, तर ती सपाट कोणी केली, हा प्रश्न प्रथम विचारावा.

भूमीवर कोरलेला पुरावा दफ्तरापेक्षा जुना आणि पुष्कळदा अधिक विश्वसनीय असतो. पावसाळा संपताच, म्हणजे भाद्रपद-आश्विनात, काठ पाहावयास जावे. करंज, उंबर, जांभूळ यांच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा आणि चिंध्या कोणत्या उंचीवर आहेत, खोडांच्या वरच्या अंगाची साल कोठवर सोलली आहे, गवत कोणत्या रेषेपर्यंत प्रवाहाच्या दिशेने निजले आहे, हे पाहिले की त्या वर्षीच्या पाण्याची पातळी हाती येते. पात्राबाहेर, शेताच्या मातीत, कडा घासून गोल झालेले धोंडे पुरलेले आढळले तर पाणी तेथवर आले होते याविषयी शंका घेऊ नये. गोल धोंडा स्वतः चालत येत नाही, आणि जेवढा धोंडा मोठा तेवढा त्यास आणणारा वेगही मोठा. पुणे विद्यापीठाचे भूगोलतज्ज्ञ विश्वास काळे यांनी नर्मदेच्या घळयांत निवांत कोपऱ्यांमध्ये साचलेल्या बारीक गाळाचे थर वाचून, ज्यांची लेखी नोंद कोठेही नाही अशा शतकांपूर्वीच्या महापुरांचा माग काढला. तोच न्याय लहान प्रमाणावर आपल्या शेताच्या कडेसही लागू पडतो. काठाच्या उभ्या कापात मातीच्या मध्येच वाळूचा किंवा बारीक खडीचा आडवा पट्टा दिसला, तर तो एका पुराचा दाखला समजावा.

वळणांचा विचार निराळा करावा लागतो. ओढा वळतो तेथे बाहेरच्या अंगास पाणी आदळते आणि काठ खाते, आतल्या अंगास पुळण साचते. बाहेरचा काठ उंच आणि म्हणून सुरक्षित वाटतो, पण पाणी तेथवर चढले नाही तरी पायथा पोखरून तो ढासळू शकतो, आणि आतला काठ ठेंगणा असल्याने पाणी त्यावरून आखूड वाट काढते. दोन ओढ्यांच्या संगमाची जागा नयनरम्य असली तरी तेथे दोघांचे पूर एकाच वेळी आले म्हणजे एकाचे पाणी दुसऱ्याच्या पाण्यास मागे रेटते. धबधब्याच्या वरची आणि खालची जागा यांतही असाच भेद आहे. कड्याच्या वर पठारावर उतार अल्प, दरी उथळ; तेथे पूर पसरतो, उंचीने थोडा आणि रुंदीने फार. कड्याखाली घळई अरुंद आणि भिंती उभ्या; तेथे पसरण्यास जागा नसल्याने तेच पाणी पुरुषापुरुषाने वर चढते. म्हणून दाभोशासारख्या ठिकाणी वरच्या पठारावर काठापासूनचे अंतर पाहावे आणि खालच्या दरीत पात्रापासूनची उंची पाहावी. नऊ मीटरांचा नियम दोन्हींकडे सारखाच लावून जो स्वस्थ बसेल त्याने जागा पाहिली नाही, केवळ नियम पाहिला.

या भागातील जुनी वस्ती पाहिली असता हे ज्ञान येथे नव्याने आणावयाचे नाही असे दिसून येते. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर यांचे पाडे बहुधा उंचवट्यावर किंवा डोंगराच्या सोंडेवर वसलेले असतात, आणि ओढ्यालगतच्या सखल पट्ट्यात भाताची खाचरे असतात. पाणी आणण्यासाठी बायकांना रोज उतार-चढ करावा लागला तरी घरे खाली आणलेली नाहीत. या मांडणीत एक स्पष्ट अर्थशास्त्र आहे: खाचर बुडाले तर एका हंगामाचे नुकसान होते, आणि पुराने आणलेला गाळ कधी कधी त्याची थोडीबहुत भरपाईही करतो, घर बुडाले तर माणूस जातो, गुरे जातात, साठवलेले बी जाते. पाण्याजवळ जे ठेवावयाचे ते पाण्याने नेले तरी पुन्हा उभे करता येईल असेच असावे. गावातील वृद्धांस, विशेषतः ज्या स्त्रिया वर्षानुवर्षे त्या काठी पाण्यास आणि धुण्यास गेल्या त्यांस, कोणत्या दगडापर्यंत पाणी आले होते असे नेमके विचारावे. पूर मोठा होता का, असे मोघम विचारू नये, कारण मोघम प्रश्नास मोघम उत्तर मिळते, आणि दगड मात्र मोजता येतो.

जागा घेतलीच असेल, किंवा वडिलोपार्जित असल्याने दुसरा इलाजच नसेल, तर बांधणीत काही पथ्ये पाळता येतात. जोते आपल्या हिशेबातील महापुराच्या पातळीहून अर्धा मीटर तरी वर घ्यावे. भरावावर घर न बांधता खडकापर्यंत नेलेल्या खांबांवर बांधावे आणि खालून पाणी जाऊ द्यावे. लांब भिंत प्रवाहास आडवी न ठेवता समांतर ठेवावी. तळघर करू नये. विजेचा मीटर, धान्याची कोठी आणि कागदपत्रे वरच्या पातळीस ठेवावीत. शौचालयाची टाकी आणि पिण्याच्या पाण्याची विहीर पुराच्या पट्ट्याबाहेर असावी. आणि रात्री मुसळधार सर आली तर ओढा न ओलांडता उंचावर जाता येईल अशी एक पायवाट राखावी, कारण २५ मिनिटांच्या अवधीत विचार करण्यास सवड नसते. मात्र पात्राच्या काठाने उंच सिमेंटची भिंत बांधून ओढ्यास कोंडण्याचा जो उपाय धनवंतांस सर्वप्रथम सुचतो, तो सर्वांत घातक होय. आठ मीटरांचे पात्र भिंतीने सहा मीटर केले की पाणी उंच होते, वेगवान होते, समोरच्या गरिबाच्या काठावर आदळते आणि खालच्या वस्तीवर अधिक घाईने जाऊन पडते. पूर आकाशातून येतो, परंतु पुराची हानी पुष्कळ अंशी मनुष्याच्या वस्ती करण्याच्या रीतीतून निर्माण होते, असा सिद्धान्त अमेरिकन भूगोलज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात मांडला. भिंती आणि बंधारे बांधून माणसे निर्धास्त होतात, आणि निर्धास्तपणे अधिकच काठाशी येतात, ही जी विपरीत गती त्यांनी दाखविली, ती मिसिसिपीच्या काठी जितकी खरी तितकीच आपल्या एखाद्या ओढ्याच्या काठीही खरी आहे.

एकट्या घरमालकाने कितीही दक्षता घेतली तरी ओढा सर्वांचा असतो, आणि म्हणून त्याविषयीचे ज्ञानही सर्वांचे असावयास हवे. याकरिता मोठ्या खर्चाची गरज नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील मोरीच्या किंवा फरशीपुलाच्या भिंतीवर मीटरांच्या खुणा रंगवाव्यात, प्रतिवर्षी सर्वांत उंच चढलेल्या पाण्याची पातळी, तारीख आणि वेळ तेथेच नोंदवावी, शाळेच्या आवारात एक साधे पर्जन्यमापक बसवून मुलांकडून तासातासाचा पाऊस लिहून घ्यावा, आणि ही वही पंचायतीच्या दफ्तरात सातबाराइतक्याच काळजीने जपावी. दहा वर्षांत त्या ओढ्याविषयी जी माहिती जमा होईल ती कोणत्याही परक्या सूत्रापेक्षा अधिक प्रमाण ठरेल. बांधकामाचा दाखला मागणारास ती दाखविता येईल, जमीन घेणारास ती मागता येईल, आणि विकणारास ती लपविता येणार नाही.